फ्रँक कॉब्डेन: तीन चेंडूंवर मिळालेले नाव आणि १८७० चा विद्यापीठ सामना

पाचवा दिवस (धागालेखक)

नमस्कार मंडळी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांमध्ये १८२७ पासून क्रिकेटचा सामना होतो, आणि त्यांतला १८७० सालचा सामना इंग्लंडमध्ये ‘कॉब्डेनचा सामना’ म्हणूनच ओळखला जातो. हे कॉब्डेन म्हणजे फ्रँक कॅरल कॉब्डेन. त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८४९ रोजी नॉटिंगहॅमशरमधल्या लॅम्बली या गावी झाला. शाळा हॅरो, विद्यापीठ केंब्रिज. गोलंदाजी वेगवान, पण हात खांद्याच्या उंचीवरून आडवा फिरवून टाकलेली. १८६४ साली हात डोक्यावर नेऊन चेंडू टाकायला परवानगी मिळाली असली, तरी जुन्या पद्धतीचे गोलंदाज पुढेही बरीच वर्षे खेळत होते, आणि कॉब्डेन त्यांतलेच. १८७०, ७१ आणि ७२ अशी तीन वर्षे ते केंब्रिजकडून ऑक्सफर्डविरुद्ध खेळले. कसोटी क्रिकेट तेव्हा जन्मालाही आले नव्हते, आणि ते आल्यानंतर कॉब्डेन यांच्याकडे कोणी वळून पाहिले नाही. ७ डिसेंबर १९३२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, उत्तर वेल्समधल्या कॅपेल क्युरिग या डोंगराळ गावी त्यांचे निधन झाले.

सामना लॉर्ड्सवर २७ आणि २८ जूनला झाला. केंब्रिज १४७, ऑक्सफर्ड १७५, केंब्रिज २०६, ऑक्सफर्ड १७६. केंब्रिज दोन धावांनी जिंकले. कॉब्डेन यांनी शेवटच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेऊन सामना संपवला, आणि तेवढ्यावर त्यांचे नाव दीडशे वर्षे टिकले.

माझा प्रश्न असा आहे. केंब्रिजच्या दुसऱ्या डावात ४० धावांत ५ गडी बाद झाले होते, म्हणजे आघाडी अवघी १२ धावांची होती. तिथून विल्यम यार्डली यांनी १०० आणि जॉन डेल यांनी ६७ धावा काढून सामना ओढून आणला. यार्डली यांचे हे शतक विद्यापीठ सामन्याच्या इतिहासातले पहिले शतक. नंतर ऑक्सफर्डचा दुसरा डाव एडवर्ड वॉर्ड यांनी २९ धावांत ६ बळी घेऊन मोडला. असे असताना सामन्याला नाव मिळाले ते कॉब्डेन यांचे. हे न्याय्य आहे का? माझे मत विचाराल, तर नाही. या सामन्याला वॉर्ड यांचे नाव असायला हवे होते.

अनुस्वार

धागा आवडला. परंतु ज्यांना हा सामना ठाऊक नाही त्यांच्यासाठी शेवटचे षटक चेंडूगणिक लिहावे, ही विनंती. निकाल सांगून टाकला आणि नाटक मात्र पडद्याआड ठेवले, असे झाले आहे.

पाचवा दिवस

अनुस्वार, विनंती मान्य.

ऑक्सफर्डला जिंकायला १७९ धावा हव्या होत्या. कथबर्ट ऑटवे ६९ धावा करून वॉर्ड यांच्या गोलंदाजीवर बाद झाले, तोवर सामना जवळपास ऑक्सफर्डच्या खिशात होता. मग वॉर्ड यांनी मधल्या फळीला खिंडार पाडले, तरीही धावफलक ७ बाद १७५ वर आला. चार धावा हव्या होत्या, तीन गडी शिल्लक होते, आणि एका टोकाला फ्रेडरिक हिल जम बसवून उभे होते. संध्याकाळ उतरत आली होती. चेंडू कॉब्डेन यांच्या हाती आला. तेव्हा षटक चार चेंडूंचे असे.

पहिला चेंडू हिल यांनी मिडऑफकडे जोरात मारला. तो सीमापार गेला असता तर खेळ तिथेच संपला असता, पण आल्फ्रेड बोर्न यांनी तो अडवला आणि एकच धाव मिळाली. धावसंख्या १७६. आता बरोबरीला दोन, विजयाला तीन. दुसऱ्या चेंडूवर सॅम्युअल बटलर यांचा झेल त्याच बोर्न यांनी घेतला. तिसऱ्या चेंडूवर बेल्चर यांचा त्रिफळा उडाला. चौथ्यावर स्टुअर्ट यांचा. हिल दुसऱ्या टोकाला १३ धावांवर नाबाद उभे राहिले. बेल्चर आणि स्टुअर्ट या दोघांच्या वाट्याला एकेकच चेंडू आला.

त्या शेवटच्या षटकाआधी कॉब्डेन यांच्या नावावर त्या डावात एकच बळी होता. माझा आक्षेप याच मुद्द्यावर उभा आहे.

खडूस स्कोअरर

आक्षेप मान्य नाही. सामन्याला पडलेले नाव म्हणजे सामनावीराचा करंडक नव्हे. हे नाव कोणत्याही समितीने ठराव करून दिले नाही. मैदानाभोवती जे हजारो लोक उभे होते, त्यांनी जे पाहिले त्याला ते नाव पडले आहे. तुम्ही स्वतः त्या दिवशी लॉर्ड्सवर असता, तर घरी जाऊन ‘आज वॉर्डने चेंडू फार टिच्चून टाकले’ असे सांगितले असते, की ‘आज शेवटच्या तीन चेंडूंवर तीन गेले’ असे?

दुसरे म्हणजे वॉर्ड यांचे सहा बळी विसरले गेले, हेही खरे नाही. आपण आज ते इथे आकड्यांसह लिहीत आहोत. धावफलकाचे काम धावफलकाने केले, आणि आठवणीचे काम आठवणीने.

सदाफुली

खडूस स्कोअरर यांच्याशी निम्मी सहमत. लोकांनी जे पाहिले त्याला नाव पडले हे ठीक, पण मग ते नाव टिकले कशामुळे, हा वेगळा प्रश्न उरतो. अशी हजारो षटके लोकांनी पाहिली असतील आणि विसरली असतील. हे षटक टिकले ते लेखणीमुळे. रॉबर्ट लिट्लटन यांनी पुढे या सामन्याचे रसाळ वर्णन लिहून ठेवले, आणि नंतर ज्याने ज्याने विद्यापीठ क्रिकेटचा इतिहास लिहिला, त्याने त्याने तेच वर्णन समोर ठेवले. लिहिणाराही शाळा-विद्यापीठाच्या त्याच वर्तुळातला, वाचणाराही त्याच वर्तुळातला. त्याच काळात नॉटिंगहॅमशर किंवा यॉर्कशरच्या एखाद्या व्यावसायिक गोलंदाजाने, जो उरलेला हंगाम विणकर म्हणून काढत असे, तीन चेंडूंत तीन बळी घेतले असते, तर त्याच्यावर दोन ओळी आल्या असत्या. कॉब्डेन यांची गोलंदाजी हलकी ठरवण्याचा माझा हेतू नाही. नाव कोणाचे टिकते, हे बऱ्याच अंशी कोण लिहिते यावर ठरते, एवढेच म्हणायचे आहे.

गल्लीतला अंपायर

एक तांत्रिक शंका. हिल यांनी ती एक धाव घेतलीच का? चार धावा हव्यात, आपला जम बसलेला आहे, समोर तळाचे फलंदाज आहेत. ती धाव नाकारली असती तर उरलेले तीन चेंडू त्यांनाच खेळायला मिळाले असते. एका धावेपायी स्वतःला बिनखेळत्या टोकाला नेऊन ठेवले आणि तिथून तीन बळी पाहत उभे राहिले. सामन्याला नाव द्यायचेच असेल, तर ‘हिल यांच्या एका धावेचा सामना’ म्हणा.

जुनी वही

हे आजच्या डोळ्यांनी पाहणे झाले. तीन गडी हातात आहेत, चारच धावा हव्या आहेत, आणि फलंदाज धाव नाकारतो आहे, असे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा. तंबूतल्या ऑक्सफर्डच्या मंडळींनीच त्याला फाडून खाल्ले असते. शिवाय बटलर म्हणजे काही अगदीच हातात बॅट उलटी धरणारे गृहस्थ नव्हते. चारातली एक धाव आली म्हणजे उरल्या तीन. त्या क्षणी ती धाव घेणे हेच शहाणपणाचे होते, आणि पुढच्या तीन चेंडूंनंतर ते शहाणपण राहिले नाही.

बटलर यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पुढच्याच वर्षी, १८७१ च्या विद्यापीठ सामन्यात, याच सॅम्युअल बटलर यांनी केंब्रिजच्या पहिल्या डावातले दहाच्या दहा बळी ३८ धावांत घेतले. केंब्रिज ६५ धावांत गारद झाले. संपूर्ण सामन्यात बटलर यांचे १५ बळी होते आणि ऑक्सफर्ड जिंकले. विद्यापीठ सामन्यात एका डावात दहा बळी घेणारे ते एकटेच. त्या केंब्रिज संघात कॉब्डेनही होते. म्हणजे कॉब्डेन यांच्या हॅटट्रिकचा पहिला बळी ठरलेल्या माणसाने वर्षभरात व्याजासकट वसुली केली. तरीही १८७१ च्या सामन्याला ‘बटलरचा सामना’ म्हणणारे फार थोडे भेटतील. धागालेखकांनी अन्यायाचा खटला उभा करायचाच असेल, तर वॉर्ड यांच्याआधी बटलर यांचे वकीलपत्र घ्यावे.

खडीसाखर

दहा बळी घेऊनही नाव नाही, तीन बळी घेऊन मात्र आहे. म्हणजे शेवटचे तीन घ्यावेत, पहिले सात दुसऱ्याला द्यावेत.

पाचवा दिवस

खडीसाखर, हेच तर माझे म्हणणे आहे, फक्त तुम्ही ते कमी शब्दांत सांगितले.

जुनी वही, बटलर यांचे उदाहरण चांगले आहे, परंतु ते माझ्याच बाजूने पडते. १८७१ चा सामना ऑक्सफर्डने आठ गडी राखून जिंकला, त्यामुळे शेवटाला थरार नव्हता. थरार नसला की दहा बळीही नाव मिळवून देत नाहीत. मग नाव कर्तृत्वाला मिळते की निकालाच्या निसटतेपणाला?

मुंबईचा माणूस

चर्चा कॉब्डेन यांच्यावर आहे, परंतु या सामन्यातला मुंबईचा धागा कोणीच ओढला नाही म्हणून लिहितो. पहिले शतक ठोकणारे विल्यम यार्डली यांचा जन्म १० जून १८४९ चा, आणि जन्मगाव मुंबई. त्यांचे वडील सर विल्यम यार्डली हे मुंबईच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश आणि पुढे मुख्य न्यायाधीश होते. मुलगा रग्बी शाळेत शिकला आणि तिथून केंब्रिजला गेला. १८७० मध्ये १०० आणि १८७२ मध्ये १३० धावा काढून विद्यापीठ सामन्यात दोन शतके करणारा तो पहिला खेळाडू ठरला. तो केंटकडून खेळला, त्या काळच्या फलंदाजांत डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्या खालोखाल त्याचे नाव घेतले जाई, आणि चेंडूफेक तो दोन्ही हातांनी करू शकत असे. पुढे वकिलीची सनद घेतली, पण रमला तो रंगभूमीत. लंडनच्या गेइटी थिएटरसाठी त्याने प्रहसने लिहिली, नाट्यसमीक्षा केली, आणि १९०० साली वारला.

त्यामुळे लॉर्ड्सवर विद्यापीठ सामन्यातले पहिले शतक मुंबईत जन्मलेल्या माणसाने केले, हे विधान आपण बिनधास्त करू शकतो. तो मुंबईकर होता का, यावर मात्र इथे वाद घालू नये. न्यायाधीशाच्या बंगल्यातले बालपण आणि गिरगावातले बालपण यांत जे अंतर आहे, ते एका शतकाने भरून येत नाही.

लेखणीबहाद्दर

अवांतर: मुंबईतही बोरीबंदरासमोर १८७९ मध्ये गेइटी थिएटर उघडले होते. पुढे त्याचेच कॅपिटॉल झाले. यार्डली इथेच राहिले असते तर प्रहसने खपवायला जागा घराजवळच होती.

जुनी वही

मुंबईचा आणखी एक धागा आहे. बटलर यांनी दहा बळी घेतले त्या १८७१ च्या ऑक्सफर्ड संघात लॉर्ड हॅरिस होते. तेच पुढे १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले, आणि यार्डली व हॅरिस हे दोघेही केंटकडून खेळले. हॅरिस यांच्या कारकिर्दीबद्दल, विशेषतः मुंबईच्या मैदानावर युरोपियनांनी पोलो खेळावा की स्थानिकांनी क्रिकेट या वादाबद्दल, बरेच कडू लिहिता येईल, परंतु तो या धाग्याचा विषय नाही.

तळ्यात मळ्यात

मला मूळ शीर्षकातच गोम दिसते. ‘तीन चेंडूंवर मिळालेले नाव’ म्हणजे कॉब्डेन एरवी ‘किरकोळ’ खेळाडू होते, असा सूर इथे लागला आहे. विद्यापीठाच्या संघात सलग तीन वर्षे जागा मिळणे ही त्या काळी किरकोळ गोष्ट नव्हती. १८७० च्या आसपास केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचा संघ एखाद्या कौंटीला सहज भारी पडेल इतका तगडा असे. ऑक्सफर्डच्या बाजूनेच पाहा. ऑटवे यांनी दोन वर्षांनी, ३० नोव्हेंबर १८७२ रोजी, स्कॉटलंडविरुद्धच्या पहिल्या अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्यात इंग्लंडचे नेतृत्व केले. टायलकोट यांनी १८६८ मध्ये क्लिफ्टन कॉलेजात एका अंतर्गत सामन्यात नाबाद ४०४ धावा काढल्या होत्या, आणि त्या वेळी ती कोणत्याही प्रकारच्या क्रिकेटमधली सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या होती. बटलर यांचे वर आलेच आहे. इकडे केंब्रिजचे डेल त्याच वर्षी एप्रिलमध्ये टेम्स नदीवरच्या नौकाशर्यतीत केंब्रिजच्या नावेत वल्हे मारत होते, आणि केंब्रिजने ऑक्सफर्डची नऊ वर्षांची विजयमालिका तोडली होती. एप्रिलमध्ये वल्हे, जूनमध्ये ६७ धावा.

अशा बावीस जणांत शेवटचे षटक टाकायला ज्याच्या हाती चेंडू दिला गेला, तो किरकोळ कसा?

खडूस स्कोअरर

तळ्यात मळ्यात यांचा मुद्दा रास्त आहे, तरी एक फरक ध्यानात घ्यावा. यार्डली, ऑटवे, टायलकोट यांना त्या सामन्याबाहेरचे आयुष्य आहे, म्हणजे नोंदींत दिसणारे आयुष्य. टायलकोट तर १८८२-८३ मध्ये आयव्हो ब्लाय यांच्या संघातून ऑस्ट्रेलियाला गेले, ज्या दौऱ्यातून अ‍ॅशेसचा, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेचे प्रतीक असलेला, तो चिमुकला कलश आला. कॉब्डेन यांच्याविषयी कुठलेही टिपण उघडा, १८७० चे ते षटक येते आणि मग थेट मृत्यूची तारीख येते. मधली बासष्ट वर्षे वगळल्यासारखी दिसतात. किरकोळ हा शब्द खेळाच्या दर्जाबद्दल नसून नोंदीच्या लांबीबद्दल आहे, असे मी समजतो.

वायव्येचा वारा

इंग्लंडमध्ये राहतो आणि डोंगर चढण्याच्या निमित्ताने कॅपेल क्युरिगला गेलो आहे, म्हणून थोडे लिहितो. एरिरी, म्हणजे स्नोडोनियाच्या डोंगरांत, दोन रस्ते जिथे मिळतात तिथे विखुरलेले हे गाव आहे. पाऊस जवळजवळ कायमचा, दगड काळे, मेंढ्या माणसांपेक्षा जास्त. तिथे कॉब्डेन्स नावाचे एक हॉटेल आहे. गिर्यारोहक संध्याकाळी ओले बूट दाराशी काढून तिथल्या बारमध्ये बसतात. त्या बारची मागची भिंत म्हणजे डोंगराचा उघडा खडकच आहे, इमारत त्याला टेकवून बांधली आहे. मी बसलो होतो तेव्हा शेजारच्या टेबलावर दोराच्या गाठींवरून कडाक्याचा वाद चालला होता. क्रिकेटचा विषय मी काढून पाहिला. वेल्समध्ये त्यावर फारसा उत्साह दिसला नाही, रग्बीवर गाडी लगेच वळली.

सदाफुली

वायव्येचा वारा, छान लिहिलेत. खडकाची भिंत डोळ्यांपुढे आली.

निधनाच्या तारखेवरून एक गोष्ट सुचली. ७ डिसेंबर १९३२. त्याच तारखेला सिडनीत इंग्लंड-ऑस्ट्रेलियामधल्या बॉडीलाइन मालिकेची (फलंदाजांच्या अंगावर टाकलेल्या चेंडूंमुळे गाजलेल्या) पहिली कसोटी संपली. त्या कसोटीत इंग्लंडकडून शतक काढणारे एक खेळाडू थोरले पतौडी होते, आणि त्याच पतौडींनी आदल्या वर्षी, १९३१ मध्ये, ऑक्सफर्डकडून विद्यापीठ सामन्यात नाबाद २३८ धावा केल्या होत्या. त्याच १९३२ च्या जूनमध्ये भारताने आपली पहिली कसोटी लॉर्ड्सवर खेळली, म्हणजे कॉब्डेन यांचे ते षटक जिथे पडले त्याच मैदानावर. हात आडवा फिरवून चार चेंडूंचे षटक टाकणारा माणूस हयात असताना भारताचे कर्णधार सी. के. नायडू लॉर्ड्सवर नाणेफेकीला गेले होते. आपल्याला १८७० हे साल फार लांबचे वाटते, म्हणून ही सांगड घालून पाहिली.

अनुस्वार

वा! नायडू आणि कॉब्डेन एकाच वाक्यात येतील असे वाटले नव्हते.

रविवारची मॅच

प्रश्न कर्तृत्वाचा की शेवटाचा, यावर माझा एक अनुभव. आमच्या कार्यालयीन स्पर्धेत (कार्यालयाचे नाव सांगत नाही) अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना शेवटच्या षटकात पाच धावा हव्या होत्या. आमच्या डावखुऱ्या फिरकीपटूने त्याआधी चार षटकांत निम्मा संघ गुंडाळला होता. शेवटचे षटक टाकायला कर्णधाराने लेखाविभागातल्या एका मितभाषी गृहस्थांना बोलावले, कारण बाकी सर्वांची षटके संपली होती. त्यांनी दोन फुलटॉस टाकले, दोन्हींवर सीमारेषेजवळ झेल गेले, आणि आम्ही जिंकलो. निवृत्तीच्या समारंभात त्यांच्याविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने त्या षटकाचा उल्लेख केला. फिरकीपटू शेजारीच बसून टाळ्या वाजवत होता. नंतर चहा घेताना तो मला म्हणाला, “माझे पाच बळी मला ठाऊक आहेत, तेवढे पुरे. पण ते दोन्ही फुलटॉस होते, हे कोणीतरी भाषणात सांगायला हवे होते.”

कॉब्डेन यांचे शेवटचे चेंडू कसे पडले याचे तपशील कोणाकडे आहेत का?

जुनी वही

रविवारची मॅच, तुमचा फिरकीपटू फार मोठ्या मनाचा आहे.

चेंडूंच्या दर्जाबद्दल दोन गोष्टी सांगता येतील. एक म्हणजे तीनपैकी दोन बळी त्रिफळ्याचे आहेत. नवा फलंदाज, त्याचा पहिलाच चेंडू, आणि तो सरळ यष्टींवर. त्या घडीला गोलंदाजाने एवढेच करायचे असते, आणि तेवढेच करणे अवघड असते. एक चेंडू वाइड गेला असता किंवा पायावर पडला असता, तर बरोबरी होऊ शकली असती. दुसरी गोष्ट खेळपट्टीची. लॉर्ड्सची खेळपट्टी त्या काळी कुप्रसिद्ध होती. त्याच जूनमध्ये, या सामन्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, नॉटिंगहॅमशरचे जॉर्ज समर्स तिथेच एमसीसीविरुद्ध (मेरीलेबोन क्रिकेट क्लब) खेळत असताना उसळलेला चेंडू डोक्याला लागून जखमी झाले आणि १९ जूनला दगावले. म्हणजे बेल्चर आणि स्टुअर्ट फलंदाजीला उतरले तेव्हा अंधुक होत चाललेला उजेड, वेगवान गोलंदाज आणि आठवडाभरापूर्वीची ती बातमी, एवढे सगळे त्यांच्या सोबत होते. या दोघांना ‘पहिल्याच चेंडूवर गेले’ म्हणून हसणे मला पटत नाही.

गल्लीतला अंपायर

जुनी वही यांनी खेळपट्टीचा मुद्दा काढला हे बरे झाले. मग यार्डली यांच्या शंभर धावांचे मोल दुप्पट धरायला हवे. केंब्रिजच्या २०६ मधून यार्डली आणि डेल यांच्या धावा वजा केल्या, तर उरलेले नऊ जण आणि अवांतर धावा मिळून ३९ होतात. माझे मत आता बदलून यार्डली यांच्याकडे गेले आहे. हिल यांच्यावरचा आरोप मात्र मागे घेत नाही.

खडीसाखर

आणि बोर्न यांचे काय? पहिल्या चेंडूवर तीन धावा वाचवल्या, दुसऱ्यावर झेल घेतला. चार चेंडूंपैकी निम्मे त्यांच्याकडे गेले. नावात मात्र कुठेच नाहीत. क्षेत्ररक्षक मंडळाच्या वतीने निषेध.

तळ्यात मळ्यात

निषेधाला +१. बोर्न यांच्या हातून तो पहिला चेंडू निसटला असता तर कॉब्डेन हे नाव आज आपल्याला ‘ऑक्सफर्डला विजयी चौकार देणारा गोलंदाज’ म्हणूनही आठवले नसते.

पाचवा दिवस

सर्व प्रतिसाद वाचले. मूळ प्रश्नाकडे येतो. सदाफुली यांचा लेखणीचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटला, आणि जुनी वही यांनी बटलर यांची आठवण करून देऊन माझ्या खटल्यात आणखी एक फिर्यादी घातला. तरीही वॉर्ड यांच्याबद्दलचे माझे मत कायम आहे. सहा बळी गेले नसते, तर कॉब्डेन यांना शेवटचे षटक टाकायची वेळच आली नसती. ऑटवे खेळत राहिले असते आणि सामना चहाच्या कपाइतका निवांत संपला असता.

मात्र एक गोष्ट मी आधी पुरेशी विचारात घेतली नव्हती, ती म्हणजे इंग्लंडमध्ये असे दुसरेही उदाहरण आहे. १९१० च्या ईटन विरुद्ध हॅरो सामन्याला रॉबर्ट फाउलर यांच्यावरून ‘फाउलरचा सामना’ म्हणतात. ईटन नऊ धावांनी जिंकले. तिथे फाउलर यांनी आधी फलंदाजीने डाव सावरला आणि मग शेवटच्या डावात आठ बळीही घेतले. त्या नावाबद्दल कोणी तक्रार करू शकणार नाही. कॉब्डेन यांच्या नावाबद्दल करता येते, म्हणून हा धागा.

खडूस स्कोअरर

फाउलर यांचे उदाहरण तुमच्या विरुद्ध जाते. फाउलर यांनी सगळे केले म्हणून नाव, कॉब्डेन यांनी शेवट केला म्हणून नाव, आणि दोन्ही नावे शतकाहून अधिक काळ सारखीच टिकली. लोकांना फरक पडला नाही. तुम्हालाच पडतो आहे.

पाचवा दिवस

पडतो. म्हणूनच रात्री साडेअकरा वाजता १८७० च्या गोलंदाजीचे आकडे घेऊन बसलो आहे.

वायव्येचा वारा

वॉर्ड यांच्यावर स्वतंत्र धागा काढावा, वाचायला आवडेल. पुढच्या वेळी कॅपेल क्युरिगला गेलो की हॉटेलात कॉब्डेन यांचे एखादे छायाचित्र लावलेले आहे का ते पाहून इथे कळवतो. गेल्या वेळी ओले बूट सुकवण्यातच सगळी संध्याकाळ गेली.